विवरणपत्राआधीचा प्राप्तिकर

पगारदार कुटुंबात प्राप्तिकराचा विषय साधारणपणे वर्षातून दोनदा निघतो: जानेवारी-फेब्रुवारीत कचेरीकडून गुंतवणुकीचे पुरावे मागितले जातात तेव्हा, आणि जुलैत विवरणपत्र, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचा व त्यावरील कराचा सरकारला सादर करावयाचा हिशेब, भरण्याची मुदत जवळ येते तेव्हा. या हिशेबातले बहुतेक आकडे मात्र तोपर्यंत ठरून गेलेले असतात. नोकरी बदलली, लग्न झाले, पत्नीच्या नावे ठेव ठेवली, वडिलोपार्जित जागा विकली, घरातले कर्ते माणूस गेले, अशा प्रत्येक प्रसंगी कायदा तीन प्रश्न विचारतो: उत्पन्न कोणाचे, ते कोणत्या प्रकारचे आणि ते कोणत्या वर्षाचे. त्यांची उत्तरे त्या त्या वेळी झालेल्या व्यवहारात आणि केलेल्या कागदपत्रांत असतात, जुलैत ती फक्त नोंदवली जातात. त्यामुळे कराचा विचार प्रसंग उरकल्यावर करणारा माणूस बहुधा वेळ टळल्यावरच सल्लागाराकडे पोहोचतो.

भारतात प्राप्तिकर पहिल्यांदा बसला तो १८६० साली, १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी, आणि तो लागू करणारे वित्तसदस्य होते जेम्स विल्सन. पुढे १८८६, १९२२ आणि १९६१ असे कायदे झाले. यांतील १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून ‘प्राप्तिकर अधिनियम, २०२५’ने घेतली आहे. जुन्या कायद्यात ज्या वर्षी उत्पन्न मिळाले ते ‘पूर्ववर्ष’ आणि ज्या वर्षी त्याची आकारणी झाली ते ‘आकारणी वर्ष’ अशी दुहेरी भाषा होती. नव्या कायद्यात त्याऐवजी ‘करवर्ष’ ही एकच संकल्पना आली असून कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या आर्थिक वर्षाचे उत्पन्न मात्र १९६१ च्या कायद्याखालीच आकारले जाते, आणि पुढील आकडे त्याच वर्षाचे आहेत.

दोन पद्धती, एक निवड

व्यक्तीच्या उत्पन्नावर कर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. नवी पद्धत २०२३-२४ पासून आपोआप लागू होते आणि जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही, त्यानंतरच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के दर लागतो आणि २४ लाखांपुढे तो ३० टक्के होतो. जुन्या पद्धतीत साठ वर्षांखालील व्यक्तीला अडीच लाखांपर्यंत कर नाही, पुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० टक्के आणि त्यावर ३० टक्के आहे. साठीनंतर करमुक्त मर्यादा ३ लाख आणि ऐंशीनंतर ५ लाख होते. दोन्हींत निघालेल्या करावर ४ टक्के उपकर द्यावा लागतो आणि उत्पन्न ५० लाखांपलीकडे गेले की अधिभारही लागतो.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले असले तरी त्याचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर टप्प्यांनुसार कर मोजला जातो आणि मग ६०,००० रुपयांपर्यंतची करसूट देऊन तो शून्य केला जातो. पगारदाराला पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट, म्हणजे कोणत्याही खर्चाचा पुरावा न देता मिळणारी ठरावीक वजावट, मिळत असल्याने त्याच्यापुरती ही रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते. उत्पन्न रेषेच्या किंचित पलीकडे गेले तर सगळा कर अंगावर येऊ नये म्हणून सीमावर्ती सवलतीची तरतूद आहे: करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असल्यास टप्प्यांनुसार कर ६१,५०० रुपये निघतो, पण प्रत्यक्षात तो रेषेपलीकडच्या १०,००० रुपयांपुरताच मर्यादित राहतो आणि उपकरासह १०,४०० रुपये भरावे लागतात. मात्र शेअर किंवा जमीन विकून झालेल्या नफ्यावर जो कर खास दराने बसतो, त्याला ही सूट लागू होत नाही. पेन्शन १२ लाखांच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या निवृत्ताला जमिनीच्या विक्रीनंतर कराचा आकडा पाहून धक्का बसतो, त्याचे कारण हेच.

जुन्या पद्धतीचे आकर्षण तिच्या वजावटींत आहे: भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा, गृहकर्जाची मुद्दल इत्यादींसाठी प्रसिद्ध ‘८०सी’ कलमाखाली दीड लाख, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजासाठी २ लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेतील स्वतःच्या वर्गणीसाठी जादा ५०,००० आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी स्वतःच्या कुटुंबापुरते २५,००० रुपये. महाराष्ट्रात पगारातून कापला जाणारा वर्षाचा अडीच हजार रुपयांपर्यंतचा व्यवसाय करही याच पद्धतीत वजा होतो. तरीही ही पद्धत आता किती जणांना परवडते, हे हिशेबच सांगतो. वर्षाला १५ लाख पगार असलेल्या व्यक्तीला नव्या पद्धतीत उपकरासह ९७,५०० रुपये कर येतो. जुन्या पद्धतीत तेवढाच कर येण्यासाठी ५०,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीखेरीज सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी दाखवाव्या लागतात. वर दिलेल्या चारही मोठ्या वजावटी पुरेपूर घेतल्या तरी बेरीज सव्वाचार लाखांवर थांबते. उरलेले अंतर बहुतेकदा घरभाडे भत्त्यानेच भरून निघू शकते, आणि म्हणून जुन्या पद्धतीचा लाभ आज प्रामुख्याने मोठे भाडे किंवा मोठे कर्ज असलेल्यांनाच उरला आहे.

व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला ही निवड दर वर्षी बदलता येते, आणि कचेरीला वर्षारंभी काहीही कळवलेले असले तरी विवरणपत्रात ती फिरवता येते. व्यावसायिकाला मात्र जुन्या पद्धतीत जाऊन पुन्हा नव्या पद्धतीत येण्याची संधी एकदाच मिळते.

नोकरी आणि घरभाडे

पगारावरचा कर मालकच दरमहा कापून सरकारजमा करतो; या व्यवस्थेला मुळातून करकपात किंवा टीडीएस म्हणतात आणि तिचा वार्षिक दाखला ‘फॉर्म १६’ या नावाने ओळखला जातो. वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलणाऱ्याच्या बाबतीत या व्यवस्थेत एक फट राहते. दरमहा १ लाख २० हजार रुपये मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याने १ ऑक्टोबरला तेवढ्याच पगारावर दुसरी नोकरी धरली, असे समजू. त्याचे वर्षाचे उत्पन्न १४ लाख ४० हजार, वजावटीनंतर १३ लाख ६५ हजार आणि नव्या पद्धतीने एकूण कर ८८,१४० रुपये होतो. पहिल्या मालकाने वर्षभराचा अंदाज बांधून सहा महिन्यांत त्यातील निम्मा कापलेला असतो. दुसऱ्या मालकाला आधीच्या पगाराची कल्पनाच नसेल तर त्याच्या दृष्टीने हा माणूस वर्षाला फक्त ७ लाख २० हजार मिळवणारा, म्हणजे करशून्य ठरतो आणि तो काहीच कापत नाही. उरलेले ४४,०७० रुपये जुलैत व्याजासह भरावे लागतात, कारण कापून उरलेला कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर तो वर्ष चालू असतानाच अग्रिम कर म्हणून हप्त्यांनी भरावा, असा नियम आहे. रुजू होतानाच आधीच्या पगाराचा आणि करकपातीचा तपशील नव्या मालकाला दिला तर हा प्रश्न उद्भवत नाही. जुन्या नोकरीतील भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्याऐवजी नव्या खात्यात वर्ग करणेही शहाणपणाचे असते, कारण सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र होते आणि वर्ग केल्यास आधीची सेवा या पाच वर्षांत धरली जाते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यास जुन्या पद्धतीत मिळणारी घरभाडे भत्त्याची सूट ही तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी असते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरणारी रक्कम, आणि मूळ पगाराचे ठरावीक प्रमाण, जे २०२५-२६ साठी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे ५० टक्के आणि पुणे, नागपूर, नाशिकसह इतरत्र ४० टक्के आहे. पुण्यात ४०,००० मूळ पगार, १६,००० भत्ता आणि १५,००० भाडे असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत वर्षाच्या या तीन रकमा अनुक्रमे १,९२,०००, १,३२,००० आणि १,९२,००० येतात व सूट १,३२,००० रुपयांचीच मिळते. आईवडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना भाडे देण्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु ते पैसे खरोखर त्यांच्या खात्यात गेले पाहिजेत आणि त्यांनी ते आपल्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवले पाहिजेत. महिना ५०,००० रुपयांहून अधिक भाडे देणाऱ्या भाडेकरूवर तर आणखी एक जबाबदारी येते: भाड्यातून २ टक्के कर कापून तो त्यानेच सरकारजमा करायचा असतो.

आहेर, बक्षीस आणि पती-पत्नीचे पैसे

लग्नात वधूवरांना मिळालेला आहेर, तो कोणीही दिलेला असो आणि कितीही असो, करमुक्त आहे. ही सवलत त्या दोघांपुरती आणि लग्नापुरतीच आहे. वधूवरांच्या आईवडिलांच्या हाती स्नेह्यांनी दिलेल्या रकमांना किंवा मुंज, वास्तुशांत, साठीशांत अशा प्रसंगी मिळालेल्या बक्षिसांना ती लागू नाही. अशा वेळी देणारा ‘नातेवाईक’ आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. कायद्याच्या व्याख्येत जोडीदार, भावंडे, जोडीदाराची भावंडे, आईवडिलांची भावंडे, दोघांच्याही थेट वंशावळीतील वरच्या व खालच्या पिढ्या आणि या साऱ्यांचे जोडीदार येतात. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी हे नातेवाईक आहेत, पण त्यांची मुले, म्हणजेच चुलत, मामे, आते आणि मावस भावंडे, नाहीत. याच व्याख्येचा परिणाम असा की मामाने भाच्याला दिलेले ५ लाख रुपये करमुक्त असतात, कारण भाच्याच्या दृष्टीने मामा हा आईचा भाऊ आहे. उलट भाच्याने मामाच्या आजारपणात दिलेले ५ लाख मामाच्या हाती करपात्र ठरू शकतात, कारण मामाच्या बाजूने पाहिले तर बहिणीचा मुलगा या यादीत बसत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांपलीकडे गेली की वरचीच नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते.

पती-पत्नींमधल्या देण्याघेण्यावर कर नाही, मात्र त्या पैशांतून पुढे जे उत्पन्न होते ते देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. पतीने स्वतःचे १० लाख रुपये पत्नीला देऊन तिच्या नावे ७ टक्क्यांची ठेव ठेवली तर वर्षाचे सुमारे ७०,००० रुपये व्याज पतीच्या उत्पन्नात येते, ठेवीची पावती कोणाच्याही नावाची असो. ते व्याज पत्नीने वेगळे गुंतवले तर त्यावरचे व्याज मात्र तिचे स्वतःचे ठरते, म्हणून अशा व्याजाचे खाते सुरुवातीपासून स्वतंत्र ठेवणे सोयीचे असते. सुनेला दिलेल्या पैशांनाही हाच नियम आहे. सज्ञान मुलामुलींना किंवा आईवडिलांना दिलेल्या पैशांना तो नाही, आणि पत्नीच्या स्वतःच्या पगारातून वा तिला माहेरून मिळालेल्या पैशांतून केलेली गुंतवणूक तर सर्वस्वी तिचीच असते. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवींचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. त्याला अपवाद मुलाने स्वतःच्या श्रमाने किंवा कलागुणांनी कमावलेल्या पैशांचा. संयुक्त खात्यातही पहिले नाव कोणाचे यावरून उत्पन्नाची मालकी ठरत नाही, पण बँक करकपातीची नोंद पहिल्या नावाच्या पॅनवर करत असल्याने पैसे एकाचे आणि नोंद दुसऱ्याची, असा गुंता तयार होतो.

उत्पन्न कोणाचे, या प्रश्नाला गोव्यात निराळे उत्तर मिळते. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने ‘५अ’ या कलमात या सामाईकतेला मान्यता दिली होती. या व्यवस्थेखालील दांपत्याचे घरभाडे, व्याज, धंद्यातला नफा, भांडवली नफा असे सर्व उत्पन्न दोघांत समसमान वाटून प्रत्येकाच्या विवरणपत्रात निम्मे-निम्मे दाखवले जाते. फक्त पगार ज्याने कमावला त्याचाच राहतो. पणजीत दुकान चालवणाऱ्या पतीचा १६ लाखांचा नफा, दुसरे उत्पन्न नसल्यास, दोघांच्या नावे ८-८ लाख होतो आणि नव्या पद्धतीत दोघांचाही कर करसुटीमुळे शून्यावर येतो. सावंतवाडीतील तशाच दुकानदाराला त्याच नफ्यावर उपकरासह १ लाख २४ हजार ८०० रुपये भरावे लागतात.

घर घेताना, जागा विकताना

घर किंवा जागा ५० लाख किंवा अधिक किमतीची असेल तर खरेदीदाराने विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का कर कापून भरायचा असतो, आणि दोघांनी मिळून घर घेतले तरी ही मर्यादा एकूण किमतीलाच लागते. विक्रेता अनिवासी असेल, उदाहरणार्थ अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा पुण्यातला वडिलांचा फ्लॅट विकत असेल, तर १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. तेथे किमतीची खालची मर्यादाही नाही आणि भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे कितीतरी अधिक, कर कापावा लागतो. तो कापला नाही तर जबाबदारी खरेदीदारावर येते. गृहकर्जाचे व्याज स्वतः राहत असलेल्या घरासाठी फक्त जुन्या पद्धतीत वजा होते. भाड्याने दिलेल्या घराचे व्याज नव्या पद्धतीतही त्या घराच्या भाड्यातून वजा होते, परंतु व्याज भाड्याहून अधिक असेल तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही.

स्थावर मालमत्ता विकून होणाऱ्या फायद्याला भांडवली नफा म्हणतात, आणि ती चोवीस महिन्यांपेक्षा अधिक काळ मालकीची असेल तर तो दीर्घ मुदतीचा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के सरळ दर आहे. महागाई निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची जुनी सोय काढून घेण्यात आली, मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-घरांसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह २० टक्के हा पर्याय ठेवण्यात आला. वारशाने आलेल्या मालमत्तेत मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्याचा मालकीकाळ वारसाला मिळतो, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य किंमत म्हणून धरता येते. त्यास त्या वेळच्या मुद्रांक मूल्याची वरची मर्यादा आहे. मूळ मालकाच्या वर्षापासून निर्देशांक वारसाला मिळतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शाह प्रकरणात मान्य केले आहे.

वडिलांनी १९९० मध्ये घेतलेल्या आणि २००१ साली ६ लाख मूल्य असलेल्या घराचे उदाहरण घेतल्यास दोन पर्यायांतला फरक स्पष्ट होतो. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६ असल्याने ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात. घर ४० लाखांना विकले तर सरळ दराने कर ४ लाख २५ हजार आणि निर्देशांकाने सुमारे ३ लाख ४९ हजार येतो. तेच घर ६० लाखांना विकले तर सरळ दराने ६ लाख ७५ हजार आणि निर्देशांकाने सुमारे ७ लाख ४९ हजार येतो. या घरापुरती पारडे फिरण्याची किंमत सुमारे ५० लाख आहे. तेव्हा जुन्या घराला निर्देशांकच फायद्याचा, असे सरसकट म्हणता येत नाही. दोन्ही हिशेब करावे लागतात, आणि त्यासाठी २००१ च्या मूल्यांकनाचा नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा दाखला करारनाम्याआधीच हाती असलेला बरा.

राहत्या घराच्या विक्रीचा नफा विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत घेतलेल्या, अथवा तीन वर्षांत बांधलेल्या, दुसऱ्या घरात गुंतवला तर तेवढ्यापुरता करमुक्त होतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळाले नाही तर पैसे बचत खात्यात पडू न देता बँकेच्या ‘भांडवली नफा खाते योजने’त ठेवावे लागतात, येथेच पुष्कळांची सवलत हुकते. दुसरा मार्ग म्हणजे विक्रीपासून सहा महिन्यांत ठरावीक सरकारी उपक्रमांच्या पाच वर्षे मुदतीच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवणूक करणे. करारातील किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या, दरापेक्षा कमी असली आणि फरक १० टक्क्यांच्या आत बसत नसला तर रेकनरचीच किंमत विक्रीची किंमत समजली जाते आणि खरेदीदाराच्याही हाती तो फरक उत्पन्न ठरतो.

शेतजमिनीबाबत सर्वांत महत्त्वाचा आकडा अंतराचा आहे. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६ किलोमीटर आणि दहा लाखांपुढील शहरापासून ८ किलोमीटर, तेही सरळ हवाई रेषेत, याच्या आतली शेतजमीन नागरी मानली जाऊन तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. त्यापलीकडची ग्रामीण जमीन या कराच्या कक्षेतच येत नाही. पुणे-नाशिकसारख्या वाढत्या शहरांच्या वेशीवरील गावांत एका शिवाराची जमीन करमुक्त आणि बांधापलीकडची करपात्र, अशी स्थिती त्यामुळे येऊ शकते. नागरी शेतजमीन विकणाऱ्यास, ती आधीची दोन वर्षे कसलेली असल्यास, दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन कर टाळण्याची कायदेशीर वाट आहे.

निवृत्ती आणि वारसा

निवृत्तीच्या वेळी हाती येणाऱ्या रकमा एकत्र दिसत असल्या तरी कायदा त्यांना निरनिराळे वागवतो. सरकारी कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त असते. खासगी नोकरीत ती सूत्रानुसार आणि आयुष्यभरात जास्तीत जास्त २० लाखांपर्यंत करमुक्त असते. शिल्लक रजेच्या रोखीकरणाला खासगी नोकरीत २५ लाखांची मर्यादा आहे. दरमहा मिळणारे पेन्शन हा कायद्याच्या दृष्टीने पगारच असल्याने त्यावर प्रमाणित वजावट मिळते. पेन्शनर वारल्यावर पती किंवा पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र पगार नसून ‘अन्य स्रोतांतील उत्पन्न’ आहे, म्हणून त्यावर नव्या पद्धतीत एकतृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल तेवढीच वजावट मिळते. पतीला ७५,००० वजा होत होते, पत्नीला २५,००० का, असा प्रश्न पडणाऱ्या घरांत उत्तर उत्पन्नाचा प्रकार बदलण्यात असते.

बँकेतील व्याजावर ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एप्रिल २०२५ पासून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत करकपात होत नाही. इतरांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. करकपात होत नाही याचा अर्थ ते व्याज करमुक्त आहे, असा मुळीच नव्हे. एकूण उत्पन्नावर अंतिम कर शून्य असणाऱ्या ज्येष्ठांनी ‘१५एच’ हे घोषणापत्र दिल्यास कपात थांबते, पण कर लागू असताना ते देणे म्हणजे खोटी घोषणा ठरते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना अग्रिम कर माफ आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्या व्यक्तीला फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतले व्याज एवढेच उत्पन्न आहे तिने बँकेला तसे लिहून दिले तर बँकच कर कापते आणि विवरणपत्र भरावे लागत नाही.

मृत्यूनंतर मिळणाऱ्या मालमत्तेवर भारतात वारसा कर नाही. पूर्वीचा मृत्युकर १९८५ साली रद्द झाला. आयुर्विम्याचे मृत्यूनंतर मिळणारे पैसेही करमुक्त असतात. तरीही कराचा हिशेब थांबत नाही, फक्त त्याचे दोन भाग होतात: वर्षारंभापासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न मृताच्या नावे राहते आणि त्याचे विवरणपत्र कायदेशीर वारसाने प्रतिनिधी म्हणून प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करून भरायचे असते, त्यानंतरचे उत्पन्न ज्याला मालमत्ता मिळाली त्याचे होते. मृताकडे राहिलेला कर वारसाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच द्यायचा असतो, स्वतःच्या कमाईतून नव्हे. बँकेतला नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो, पण त्यामुळे तो मालक ठरत नाही. मृत्युपत्र किंवा वारसा कायद्यानुसार ज्याचा हक्क असेल त्याच्याच उत्पन्नात पुढचे व्याज येते. म्हणून पॅन, ठेवींच्या पावत्या आणि नामनिर्देशने वेळीच जुळवून ठेवणे वारसांच्या दृष्टीने फार उपयोगी ठरते.

मुदतीचे महत्त्व

विवरणपत्र भरण्यापूर्वी पॅनवर कापल्या गेलेल्या कराचा उतारा, म्हणजे ‘२६एएस’, आणि बँका, म्युच्युअल फंड, निबंधक कचेऱ्या यांनी खात्याला कळवलेल्या व्यवहारांचे ‘वार्षिक माहिती विवरण’ पडताळून पाहणे आता अनिवार्यच मानले पाहिजे, कारण खाते विवरणपत्राची तुलना याच माहितीशी करते आणि तफावत आढळली की नोटीस येते. लेखापरीक्षणाची गरज नसलेल्या पगारदार व निवृत्तांसाठी मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलै असते. ती चुकल्यास ५ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास १,००० आणि त्यापुढे ५,००० रुपये शुल्क पडते, पण खरे नुकसान त्याहून मोठे असू शकते: उशिरा भरलेल्या विवरणपत्रात जुनी पद्धत निवडता येत नाही, आणि शेअर किंवा जागेच्या विक्रीत झालेला तोटा पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क जातो. भरलेले विवरणपत्र तीस दिवसांत आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकाने किंवा अन्य मान्य मार्गाने प्रमाणित केले नाही तर ते भरले नाही असेच समजले जाते.

कायदा बदलत राहतो, दर आणि मर्यादा दर अर्थसंकल्पात हलू शकतात आणि २०२६ नंतर कलमांचे परिचित क्रमांकही बदलले आहेत. उत्पन्न कोणाचे, कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या वर्षाचे, हे प्रश्न मात्र तेच राहतात. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी, मोठी रक्कम कोणाच्या नावे करण्यापूर्वी आणि नव्या नोकरीचे कागद भरताना ते विचारले गेले तर सल्लागाराला काही करता येते. व्यवहार होऊन गेल्यावर त्याच्या हाती फक्त बेरीज उरते.